न वाचता केलेली सही

साहेब, ‘वाचायला देऊ नका, सही घ्या आणि पुढे चला’ हे वाक्य तुमचं आहे. पंधराव्या आठवड्याच्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला, काचेच्या खोलीत तुम्ही ते अकरा जणांसमोर म्हणालात आणि वर हसलात. नंतर मात्र ‘मी असं कधी म्हणालोच नाही’ म्हणून हात झटकलेत. तुम्ही खोटं बोललात. मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. हसणाऱ्यांत मीही होते.

ही तक्रार नाही. तक्रारीचा कागद वेगळा दिलाय. ही प्रेमाची गोष्ट आहे. फक्त तिच्या वाटेत मधोमध तुम्ही उभे आहात, आणि तुम्हाला धक्का दिल्याशिवाय मला ती सांगता येत नाही.

आमची कंपनी पंप बनवते. तीन कारखाने, सहाशे माणसं आणि प्रत्येक विभागाची आपली वेगळी वही, वेगळी फाइल, वेगळी तऱ्हा. ते सगळं एका नव्या सिस्टीममध्ये न्यायचं ठरलं. अठरा आठवड्यांत. कुठला विभाग कधी हलणार, त्याची माहिती कोण साफ करणार, शेवटी सही कुणाची, हे भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात भरायचं काम माझं. कारखान्यात त्या सिस्टीमला ‘सूनबाई’ म्हणत. “अजून उंबरा ओलांडला नाही, आणि सगळं घर तिच्या मर्जीनं हलवताय!” आमचे म्हातारे फिटरकाका मला दिसले की हे ऐकवायचेच.

दुसऱ्या आठवड्यात मला तपासणी विभागात जायचं होतं. मी चुकीचा जिना उतरले. खाली लांबलचक स्टोअर होतं, छतापर्यंत मांडण्या, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. वळताना माझी बॅग कशाला तरी अडकली, आणि वरचं एक खोकं धाडकन खाली आलं. त्यातून काळ्या रबरी कड्या बाहेर पडल्या. शेकडो. काही घरंगळत पार भिंतीपर्यंत गेल्या.

“हलू नका.”

आवाज मागून आला. चढा नव्हता, पण मी हलले नाही.

“सॉरी, मी—”

“तुमच्या पायाखाली चार आहेत. उजवा उचला.”

मी उचलला. तो खाली बसून कड्या गोळा करायला लागला. मी बगळ्यासारखी एका पायावर.

“माझा तोल जाईल हो.”

“मांडणीला धरा. ती नको, ती हलते. ती पण नको...” त्यानं वर पाहिलं. जरा थांबला. “खांद्याला धरा.”

मी धरलं. धुवून धुवून मऊ झालेला सुती शर्ट, त्याला साबणाचा आणि रबराचा वास. त्यानं मग उरलेल्या कड्या जरा सावकाशच गोळा केल्या... निदान मला तरी तसं वाटलं.

तो दोन ढीग करत होता. न बघता, नुसत्या बोटांनी.

“दोन ढीग कशाला? सगळ्या सारख्याच तर आहेत.”

त्यानं दोन कड्या माझ्या हातात ठेवल्या. “ओढा. आता सोडा. काय झालं?”

“एक लगेच परत आली.”

“आणि दुसरी?”

“जरा विचार करून आली.”

तो हसला. “पहिली गार पाण्याच्या पंपाची. दुसरी उकळत्या पाण्याची. माप एक, रंग एक, जुन्या वहीत नावही एकच. पण गारवाली उकळत्या पाण्यात घातली तर तासाभरात फुटते. हे कुठे लिहिलेलं नाही. इथे आहे.” त्यानं कपाळावर बोट टेकवलं.

“म्हणजे तुम्ही रजेवर गेलात की पंचाईत.”

“म्हणून जात नाही.”

साहेब, हे लक्षात ठेवा. गारवाली आणि तापवाली वेगळ्या, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं.

तो स्टोअरचा प्रमुख. कारखान्यात सगळे त्याला ‘कुलूप’ म्हणत, कारण त्याचं तोंड क्वचितच उघडायचं. फिटरकाका मला म्हणाले, “बारा वर्षं मी खिडकीतून सामान घेतोय. ‘हं’ आणि ‘नाही’, एवढंच ऐकलंय. तू तर त्याच्याशी तासभर बोलत होतीस म्हणे! किल्ली कुठून आणलीस गं?”

माझे कान तापले.

प्रत्येक विभागाशी दोन बैठका, असं आराखड्यात मीच लिहिलं होतं. स्टोअरशी अकरा झाल्या. तक्त्यावर मी कारण लिहिलं, ‘विभाग गुंतागुंतीचा’. गुंतागुंत कुठे होत होती ते मला चांगलं ठाऊक होतं.

तो मला ‘तपासनीसबाई’ म्हणायचा. गुरुवारी मी जायच्या आधी एक स्टूल पुसून ठेवलेलं असायचं. थर्मासमधला चहा तो दोन झाकणांत ओतायचा, मोठं झाकण मला. एकदा पत्र्यावर पाऊस असा कोसळला की शेजारचं बोलणंही ऐकू येईना. मी स्टूल पुढे ओढलं. त्यानंही. आमचे गुडघ्याला गुडघे लागायची वेळ आली, आणि तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बोल्टांची... बोल्टांची वर्गवारी राहिलीये.” एवढं रोमँटिक वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“सिस्टीम आल्यावर मला विचारायला कोण येणार?” एकदा त्यानं विचारलं.

“मी येईन की.”

“काय विचारायला?”

“चहा झाला का, ते.”

“ते सिस्टीममध्येच बघा ना. ‘चहा, शिल्लक एक झाकण.’”

“आणि ते झाकण कुणासाठी राखून ठेवलंय, तेही दिसेल का त्यात?”

त्यानं थर्मास घट्ट बंद केला. कानाच्या पाळ्या लाल. कुलूपच ते.

चौदाव्या आठवड्यात माहितीची सफाई आली. स्टोअरच्या यादीत अकरा हजार वस्तू होत्या. तुम्हाला सात हजारांच्या आत हव्या होत्या, साहेब, कारण वरच्या सादरीकरणात तो आकडा देखणा दिसणार होता. संगणक सारख्या दिसणाऱ्या जोड्या लाल करून दाखवायचा. मी ‘एक करा’ दाबायचे. लाल, दाबा. लाल, दाबा. दिवसाला आठशे.

आणि मग ती जोडी आली. काळी रबरी कडी, तेच माप, दोनदा.

आता इथे मला सोपं खोटं बोलता आलं असतं. विसरले, नजरचुकीनं झालं, थकले होते. नाही. मला आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं, शर्टाच्या वासासकट. ‘हे त्याला विचारून वेगळं ठेवायला हवं,’ असं मनात आलंही. पण वेगळं ठेवायचं म्हणजे कारणाचा अर्ज भरा, तुमची परवानगी घ्या, आणि दिवसाचा आकडा आठशेच्या खाली. नंतर बघू म्हटलं, आणि दाबलं. पुढची जोडी.

ते नंतर कधी आलंच नाही.

पंधराव्या आठवड्यात सह्या. प्रत्येक प्रमुखानं आपल्या विभागाची साफ केलेली यादी वाचायची, बरोबर आहे म्हणून सही करायची. एकदा सही झाली की चूक त्याची. तुमचं ते वाक्य ऐकून मी थेट स्टोअरमध्ये गेले. हातात एकशे चाळीस पानं.

त्यानं खिशातून चष्मा काढला, काचा पुसून लावला, पहिलं पान उघडलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

“वाचायची गरज नाही. मी पाहिलंय सगळं.”

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग हळूच म्हणाला, “तू पाहिलंस?”

तू. पहिल्यांदा. तेरा आठवडे ‘तुम्ही, तुम्ही’ चाललं होतं आणि आता हे.  मी नुसती मान हलवली.

“मग झालं,” तो म्हणाला, आणि शेवटच्या पानावर सही केली.

त्या जोडीचं पान त्या गठ्ठ्यातच होतं. मला पानाचा नंबरही माहीत होता. त्र्याण्णव.

“उद्या संध्याकाळी...” पेनाचं टोपण लावायला त्याला फारच वेळ लागत होता. “तलावाच्या कडेनं रस्ता आहे ना, तिकडे चालायला... म्हणजे तुला काम नसेल तर.”

“मला काहीही काम नाही,” मी म्हणाले. कामाचा डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तलावाला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत त्यानं माझा हात धरला, तोही असा, की जणू हाताला विचारून धरतोय. हवेत ओल्या गवताचा वास होता. तो लहानपणचं काहीतरी सांगत होता, बहिणीच्या दप्तरात त्यानं बेडूक ठेवला होता त्याबद्दल, आणि मी खळखळून हसत होते. मनात मात्र त्र्याण्णव नंबरचं पान. सांगू का? आत्ता सांगितलं तर तो हात काढून घेईल. थोड्या वेळानं सांगू. फेरी संपली. मी सांगितलं नाही. आयुष्यातली सगळ्यात सुंदर संध्याकाळ मी चोरून जगले.

सोळाव्या आठवड्यात चाचणी. एका कारखान्यात, एका दिवसापुरतं सगळं नव्या सिस्टीमवर चालवून पाहायचं. साहेब, तुम्हाला हौस, तुम्ही मोठ्या ग्राहकाची पाच माणसं बघायला बोलावलीत. फिटरकाकांनी उकळत्या पाण्याच्या पंपासाठी कडी मागितली. त्या दिवशी स्टोअरची खिडकी बंद होती, सामान नुसत्या नंबरावर येत होतं; सिस्टीमनं तिला माहीत असलेली एकुलती एक कडी दिली. काका म्हणाले, “ही ती नव्हे.” तुम्ही म्हणालात, “काका, आता सिस्टीमवर विश्वास ठेवायला शिका.”

पन्नास मिनिटांनी कडी फुटली. नशीब, पंप जाळीच्या आड होता, कुणी भाजलं नाही. पण चाचणीच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं, आणि तुमचे पाच पाहुणे विजारी वर धरून टेबलावर उभे राहिले. एकाचा बूट तरंगत दारापर्यंत आला. काकांनी तो उचलून अदबीनं विचारलं, “हा कुणाच्या नंबरवर टाकू?”

मला त्या दिवशी हसू आलं नाही. मला कळलं होतं.

तीन वाजता काचेच्या खोलीत चौकशी. तो टेबलाच्या त्या टोकाला. इतिवृत्त लिहायला कोण? मी.

“ही सही तुमची?” तुम्ही विचारलंत.

“माझी.”

“वाचून केलीत?”

मी लॅपटॉपवरून मान वर केली. आता सांगेल. ‘तिनं सांगितलं, वाचू नका’. सांगू दे, म्हणजे सुटेन मी. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

“वाचून केली.”

“दोन वेगळ्या कड्या एक झाल्या, ते दिसलं नाही?”

“नाही दिसलं.”

माझ्या बोटांनी लिहिलं, ‘यादी वाचून सही केल्याचं स्टोअरप्रमुखांनी मान्य केलं.’  वर मी ते वाक्य पुन्हा वाचून शुद्धलेखन तपासलं. लाज म्हणजे काय हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी कळलं, ती छातीत नसते. बोटांत असते. अजून आहे.

चौकशी पुरी होईपर्यंत त्याला घरी बसायला सांगितलं. सायकलस्टँडवर मी त्याला गाठलं.

“का? का असं बोललास?”

“तुला अजून पक्कं केलेलं नाही. तुला काढायला त्यांना एक मिनिट पुरतं. मला बारा वर्षं झालीत, मला काढायला निदान महिना लागेल.” त्यानं सायकलचं कुलूप उघडलं. “घाईत झालं असेल तुझ्याकडून. होतं.”

आणि मी काय म्हणाले, माहितीये?

“थँक्यू,” म्हणाले.

त्यानंतर दोन आठवडे मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तीनदा गेले आणि तीनदा परत आले. त्याला एक संदेश लिहिला, सतरा वेळा खोडला. मी आत्याकडे राहते. आत्या शिवणकाम करते आणि जिभेनंही टाके घालते. जेवताना मी म्हटलं, “माझ्या एका मैत्रिणीचं ना... तिच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याच माणसाला होतेय.”

“कोण मैत्रीण?”

“तुला माहीत नाही ती.”

“बरं. ती नीट जेवते का?”

“नाही. फार लाज वाटते तिला.”

आत्यानं माझ्या ताटाकडे पाहिलं. भात तसाच होता. “मग तिला निरोप दे. म्हणावं, लाज वाटली की आपण चांगले आहोत असं वाटायला लागतं माणसाला. फुकटचं समाधान! घरात बसून लाजण्यानं त्या माणसाला काय मिळालं? तोंड काय नुसतं गिळायला दिलंय?” मग माझ्या ताटात तूप वाढत म्हणाली, “आणि दिसायला कसा आहे तो?”

“आत्या!”

“मैत्रिणीला विचार.”

अठरावा आठवडा. शेवटची बैठक. तिन्ही कारखाने पडद्यावर, सगळे प्रमुख हजर. सोमवारपासून सगळी कंपनी सिस्टीमवर जायची का, हे ठरवायचं होतं. तुम्ही एकेक विभाग पुकारत होतात आणि तिकडून ‘तयार’ येत होतं. खरेदी? तयार. विक्री? तयार. तपासणी? तयार.

“स्टोअर?”

स्टोअरला प्रमुख नव्हता. त्याच्या वतीनं मीच ‘तयार’ म्हणायचं होतं. तुम्ही यादीवर पुढच्या ओळीवर पेन ठेवलंतसुद्धा.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“तयार नाही. स्टोअरच्या यादीत आणखी चुका असतील. चार हजार जोड्या मी एक केल्यात, आणि स्टोअरच्या माणसाला त्यांतली एकही वाचू दिलेली नाही. सही मी घेतली. वाचायची गरज नाही, असं मी सांगितलं. त्या कड्या वेगळ्या आहेत हे मला माहीत होतं. दाबताना आठवलंही होतं. तरी दाबलं. चौकशीत तो मला वाचवायला खोटं बोलला, आणि मी ते टाइप केलं.”

पडद्यावर कुणाचा तरी चहाचा कप हवेत तसाच राहिला.

“हे आपण नंतर बोलू,” तुम्ही दात आवळून म्हणालात.

“नंतर नको. माझं नंतर कधी येत नाही. आणि ‘वाचायला देऊ नका’ हे तुम्ही सांगितलं होतंत.”

“मी असं कधीच म्हणालो नाही.”

ते वाक्य ऐकलेल्या इतर दहा जणांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल चांगलं होतं, नवीन. मी कुणाला दोष दिला नाही. दोन आठवडे मीही टेबलाकडेच बघत होते.

सिस्टीम सहा आठवडे पुढे गेली. सोमवारी कामावर हजर व्हा, असं पत्र त्याला गेलं. मला पत्र नाही, नुसतं तोंडी. एक मिनिट लागलं. त्याचा अंदाज बरोबर होता.

त्याच दुपारी मी त्याच्या गल्लीत शिरले. या वेळी परत फिरले नाही. त्यानं दार उघडलं. विजार दुमडलेली, हातात पाना, मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. दाढी वाढलेली. मला ती आवडली, आणि असं आवडायची ही वेळ आहे का म्हणून माझी मलाच लाज वाटली.

“कळलं मला,” तो म्हणाला. “काकांचा फोन आला होता. पहिल्यांदाच केला त्यांनी. रडत होते का हसत होते, कळेना.” मग त्याचा आवाज बदलला. “माझं खोटं वाया घालवलंस तू.”

“ते मला नकोच होतं.”

“मग सायकलस्टँडवर सांगायचंस. तिथे ‘थँक्यू’ म्हणालीस.”

“तेव्हा मी भित्री होते.”

“आणि आता?”

“आता बेकार आहे.”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण त्यानं ते आवरलं. पाना या हातातून त्या हातात घेतला.

“काका म्हणाले, आठवलं होतं तरी दाबलं, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. ते कशाला? विसरले म्हणाली असतीस तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही. तुलाही नाही. म्हणूनच सांगितलं.”

“तलावाजवळ... तेव्हाही माहीत होतं?”

“हो.”

“तीन फेऱ्या?”

“तिन्ही.”

त्यानं दाराला हात घातला. आतला नळ ठिबकत होता. मला वाटलं दार लावेल. लावलं नाही, उघडंही केलं नाही. मधेच धरून उभा.

“मला राग आलाय,” शेवटी तो म्हणाला. “तू समजतेस त्यापेक्षा जास्त. लवकर जाणारा नाही.”

“येऊ दे. पाहिजे तेवढा. मी माफी मागायला आले नाहीये, ती मी अजून बरेच दिवस मागणार आहे. मी हे सांगायला आले की मला तू आवडतोस. बोल्टांची वर्गवारी सांगणारा, ‘हं’ म्हणणारा, माझ्यासाठी मूर्खासारखं खोटं बोलणारा. पुन्हा तसं बोललास तर मी भर बैठकीत पुन्हा उलटं सांगेन. अशी बाई तुला, तुझ्या रागासकट, हवी आहे का?”

 त्यानं पाना उंबऱ्यावर ठेवला. माझ्याकडे बघत राहिला.

“गप्प नको राहूस,” मी म्हणाले. माझा आवाज फाटला, फाटू दिला. “आपण दोघं गप्प राहिलो त्याचं काय झालं ते बघितलंस ना? दया म्हणून हो म्हणू नकोस. रागाच्या भरात नाही म्हणू नकोस. विचार कर, मी इथेच पायरीवर बसते, कुठे जात नाही. पण तोंड उघड. हो की नाही? ... सांग.”